मुनीमजींची साक्ष

नोकरीच्या अर्जात "यापूर्वी कुठे काम केले" असा एक रकाना असतो. बहुतेक लोक तो चहा पिता पिता भरून मोकळे होतात. मी मात्र त्या रकान्यापाशी कित्येक दिवस अडून बसले होते. बाकी सगळा अर्ज सुवाच्य अक्षरात भरून झाला होता. तेवढी एक जागा कोरी होती.

अर्ज आमगावातल्याच एका पतसंस्थेचा होता. लिपिकाची जागा होती. पतसंस्था आमच्या घरापासून इतकी जवळ की तिथे बसून घरच्या कुकरची शिट्टी ऐकू येईल, असं मी आईला सांगायची. आईला आदल्या वर्षी लकवा मारला होता. डावं अंग गेलं होतं, बोलणं तेवढं शाबूत होतं. वडील मी कॉलेजात असतानाच गेले होते आणि मला पाठचं-पुढचं कोणी नव्हतं. मी गोंदियाला कामाला जायची तेव्हा शेजारच्या घरातली मावशी दुपारी येऊन आईला जेवू घालायची. नात्याची नव्हती, पण नात्यातल्यांनी काय दिवे लावले होते ते आम्ही पाहिलं होतं. मावशी मायेनंच भरवायची, तरी आई तिच्या हातचं अर्धंच खायची. आणखी भात वाढ, असं दुसऱ्याला म्हणायची तिला लाज वाटायची. मावशी गेल्यावर ती उपाशीच पडून राहायची, आणि मी संध्याकाळच्या गाडीनं येईपर्यंत ते कोणाला सांगायची नाही.

मला ती नोकरी त्या दुपारच्या जेवणासाठी हवी होती. दुपारच्या सुट्टीत घरी यावं, आईला पोटभर भरवावं, तिची कूस बदलावी आणि परत जाऊन कामाला बसावं. एवढंच. हे काही फार मोठं मागणं होतं असं मला अजूनही वाटत नाही.

अडचण होती ती माझ्या आधीच्या नोकरीची.

नव्याण्णव साली बी.कॉम. झाल्यावर मी गोंदियातल्या एका राईस मिलच्या ऑफिसात लागले. ऑफिस म्हणजे वजनकाट्याला लागून असलेली एक खोली. तिच्यातल्या पंख्यावर, खुर्च्यांवर, देवाच्या तसबिरीवर कोंड्याची बारीक धूळ असायची, आणि संध्याकाळी माझ्या भुवयांवरही. धानाचे ट्रक यायचे, तांदळाचे जायचे. आलेल्या मालाची बिल्टी, म्हणजे ट्रकसोबतची पावती, तपासायची, जाणाऱ्या मालाचा गेटपास लिहायचा, हे माझं काम. ते मला मिलच्या मुनीमजींनी शिकवलं.

मुनीमजी तेव्हा साठीच्या आसपास असतील. पांढरा पायजमा, पांढरा सदरा, खिशात बडीशेपेची डबी. दोन मुलं होती, दोन्ही रायपूरला. गोंदियाच्या बाजारात सगळे बोलतात तसे ते हिंदीच बोलायचे. मी मराठीत उत्तरं द्यायची. कधी हिंदी बोलायला गेले तर ते कामगारांना सांगायचे, "इसकी हिंदी आमगाव की पैसेंजर है, हर स्टेशन पर रुकती है." मी चिडायची. मग ते डबी पुढे करायचे. ट्रकवाला माझ्याशी चढ्या आवाजात बोलला की मुनीमजी मान वर न करता म्हणायचे, "बेटी से बात कर रहे हो." तेवढ्यानं तो गप्प व्हायचा. वडील गेल्यानंतर मला कोणी असं आपलं म्हटलं नव्हतं. मी त्या माणसावर वडिलांवर करावी तशी माया केली, हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे.

आमच्या मिलमध्ये एक रीत होती. पक्क्यात नाव फक्त मुनीमजींचं आणि मशीनवाल्याचं. बाकीचे सगळे कच्च्यात. हमाल कच्च्यात, तांदूळ पाखडणाऱ्या रेजा, म्हणजे मजूर बाया, कच्च्यात आणि पदवीवाली मीसुद्धा कच्च्यात. नेमणुकीचं पत्र नाही, हजेरीपटावर नाव नाही. पगार हातात मिळायचा. मला त्यात वावगं काही वाटलं नाही. काम होतं, मान होता, संध्याकाळची गाडी सापडत होती.

मिलला सरकारी धान भरडायला मिळायचं. ते भरडून तांदूळ सरकारी गोदामात जमा करायचा. पुढे बोभाटा झाला तो असा की, मालकानं सरकारी धानाचा चांगला तांदूळ बाहेर विकला आणि गोदामात कुठला तरी जुना, किडका माल पाठवला. मला त्यातलं किती ठाऊक होतं असं पुष्कळांनी विचारलं. काहीच नाही. गेटपासवर तांदूळ एवढंच लिहिलेलं असतं. पोत्याचं तोंड शिवलेलं असतं आणि मी खोलीत बसलेली.

ज्या दिवशी चौकशीची जीप आली, त्या दिवशी मुनीमजींनी ती खिडकीतून पाहिली आणि माझ्या हातातला पेन काढून घेतला. म्हणाले, "उठो. पीछे जाओ, रेजाओं में बैठ जाओ." मी का म्हणून विचारायच्या आत त्यांनी मला मागच्या दारानं बाहेर काढलं.

मागे सिमेंटच्या ओट्यावर रेजा कनकी, म्हणजे तांदळाची कणी, पाखडत बसल्या होत्या. एकीनं काही न विचारता माझ्याकडे एक सूप सरकवलं. दुसरीनं माझी ओढणी डोक्यावरून कपाळापर्यंत ओढली आणि माझ्या सलवारीवर आपला गमछा पसरला. मी पाखडायला लागले. मला पाखडता येत नव्हतं. कोंडा सुपातच राहत होता आणि कनकी खाली पडत होती. जीपमधले साहेब ओट्यावरून फिरले. बाजूला मुनीमजी होते. "ये सब रोज़ी वाली हैं," ते म्हणाले. साहेबांनी पोत्यांकडे पाहावं तसं आमच्याकडे पाहिलं आणि ते पुढे गेले. शेजारच्या बाईनं आपला हात माझ्या सुपाला लावून ठेवला.

जीप गेल्यावर मुनीमजी मला म्हणाले, "लिखके दे दिया है मैंने. ऑफिस में मैं अकेला था. तुम यहाँ कभी थी ही नहीं."

"पण मी काही केलंच नाही, मुनीमजी."

"इसीलिए तो."

मिलला सील लागलं. मालक कुठे गेला ते कोणाला कळलं नाही. पेपरात रोज मिलचं नाव येत राहिलं. मुनीमजींना बयानांसाठी या ऑफिसातून त्या ऑफिसात बोलावणी यायची. मला कोणीच बोलावलं नाही. मी आमगावला घरी बसले, आईला तिन्ही त्रिकाळ माझ्या हातानं जेवू घातलं, आणि साठवलेलं संपायला लागलं तेव्हा तो पतसंस्थेचा अर्ज आणला.

आता त्या रकान्यात काय लिहू?

कोरा सोडला तर इतकी वर्षं ही बाई काय करत होती, असं विचारतील. अनुभव नाही म्हणून बाजूला काढतील. दुसऱ्याच मिलचं नाव टाकलं तर ते खोटं, आणि उद्या कोणी शोधलं तर लागलेली नोकरीही जाईल. खरं नाव लिहिलं तर त्या नावाला सगळ्या जिल्ह्यात काळं फासलेलं. मी भाकरी थापताना विचार करायची, आईचे पाय चोळताना विचार करायची. एकदा तर आईच्या तोंडाशी घास नेऊन तशीच थांबले. तिनं तोंड उघडलेलं आणि माझं लक्षच नाही.

"काऊन थांबली वो?" आईनं विचारलं. मी सांगितलं.

मावशी तिथेच बसली होती. ती म्हणाली, "दुसऱ्या मिलचं नाव लिव्ह ना बापा. कोन पाहून राहिलं?"

आई माझ्याकडे बघत म्हणाली, "कायले लपवून राहिली तू? काम केलीस ना? चोरी त नाई केलीस."

तिच्या एवढ्या बोलण्यानं माझं ओझं उतरलं असं म्हणणार नाही. पण एक गोष्ट मलाही दिसत होती. इतकी वर्षं रोज सकाळी अख्ख्या आमगाव स्टेशननं मला गोंदियाच्या गाडीत चढताना पाहिलं होतं. लपवणार कोणापासून? मी मिलचं खरं नाव लिहिलं आणि अर्ज देऊन आले.

मुलाखतीला व्यवस्थापकांनी तो रकाना वाचला आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"हीच का ती मिल?"

"हो सर, हीच."

मग मी सगळं सांगितलं. गेटपास, बिल्टी, कच्चं-पक्कं, पोत्याचं शिवलेलं तोंड. फक्त जीप आली त्या दिवसाचं सांगितलं नाही. ते सांगायचं म्हणजे मुनीमजींनी काय लिहून दिलं तेही सांगणं होतं. व्यवस्थापकांनी अर्ज पुन्हा पहिल्यापासून वाचायला घेतला. मी टेबलाच्या काचेखालचं कॅलेंडर वाचत बसले.

"नाव लपवलं असतं तर तुम्हाला आत्ताच परत पाठवलं असतं," ते म्हणाले. "तुम्ही गोंदियाला कुठे जायच्या ते मला माहीत होतं. लिहिता की नाही तेवढंच पाहायचं होतं. आता फक्त तिथलं कोणीतरी सांगायला हवं की ही बाई आमच्याकडे होती आणि काम नीट करायची. कागद नसला तरी तोंडी चालेल. कोण आहे असं?"

"मुनीमजी आहेत," मी म्हटलं. माझा जीव भांड्यात पडला. जगात माझ्याविषयी चांगलं सांगेल असा एक माणूस निवडायला सांगितलं असतं, तरी मी तोच निवडला असता.

"मग काय, आमचा माणूस गोंदियाला जातोच. विचारून येईल."

घरी येऊन आईला सांगितलं की आता दुपारचं जेवण माझ्या हातचं. तिनं उजव्या हातानं माझं मनगट धरलं आणि कितीतरी वेळ सोडलं नाही. मग म्हणाली, "मंग गरम भात देशीन." मी हसले. मला रडूही आलं.

दुसऱ्याच दिवशी मी गोंदियाला मुनीमजींच्या घरी गेले. कोणी विचारायला येईल हे त्यांना आधी सांगायला हवं होतं. मुनीमजी खूप थकले होते. सदरा तसाच पांढरा होता, आतला माणूस उतरला होता. मी मिलचं नाव लिहिल्याचं सांगितलं, तसा त्यांचा चेहराच पडला.

"लिख दिया? नाम लिख दिया?"

"व्यवस्थापक चांगले आहेत, मुनीमजी. त्यांना चालतंय. तुम्ही फक्त मी तिथे होते एवढं सांगा."

"सामने सब अच्छा बोलते हैं, बेटा. मैं रोज़ देख रहा हूँ. उस नाम से अब मोहल्ले में कोई राम-राम नहीं करता. और तुम वही नाम माथे पर लगाके घूम रही हो."

मी पुन्हा समजावलं. त्यांनी ऐकून घेतलं. मुनीमजी माझं ऐकून घेत आहेत म्हणजे त्यांना पटतंय, असं मला मिलमध्येही वाटायचं. शेवटी ते म्हणाले, "आने दो उसको. सब ठीक कर दूँगा मैं." त्यांच्या बायकोनं, काकींनी, मला खिचडी खाऊ घातली. मी निश्चिंत मनानं गाडीत बसले.

आठवड्याभरात पतसंस्थेतून बोलावणं आलं. मी आईला सांगून, केस नीट करून गेले. व्यवस्थापकांनी मला बसायला सांगितलं नाही.

"आमचा माणूस जाऊन आला," ते म्हणाले. "ते मुनीम म्हणतात, ही मुलगी आमच्याकडे कधीच नव्हती. देवावर हात ठेवून सांगितलं म्हणे. चांगल्या घरची मुलगी आहे, आई आजारी असते, घरीच राहते. अनुभव पाहिजे म्हणून कोणीतरी नाव लिहायला सांगितलं असेल, तिला त्या मिलचं काही माहीत नाही. असं म्हणाले ते."

मला सगळं तिथल्या तिथे कळलं. मुनीमजींच्या हिशेबानं अनुभव नसलेल्या मुलीला लोक शिकवून घेतात, पण त्या मिलच्या मुलीला दारात उभं करत नाहीत. म्हणून त्यांनी मला पुन्हा एकदा मागच्या दारानं बाहेर काढलं होतं. त्यांना वाटलं, मला वाचवलं.

"गोंदियाला तुम्ही जात होता, ते खरं. पण कुठे, ते आता मला माहीत नाही," व्यवस्थापक म्हणाले. "मिलचं नाव चाललं असतं हो. खोटं चालणार नाही. इथे लोकांच्या ठेवी असतात. तुम्हाला काही सांगायचं आहे का?"

सांगायचं होतं. ओट्यावरच्या रेजा माझ्यासाठी साक्षीला आल्या असत्या, ट्रकवाले आले असते. मी तिथे होते हे सिद्ध करणं अवघड नव्हतं. पण मी तिथे होते हे सिद्ध झालं की मुनीमजींनी चौकशीत लिहून दिलेलं खोटं ठरत होतं. चौकशी अजून चालू होती. त्या उतरलेल्या माणसाला माझ्यामुळे आणखी एकदा कोणी उभं करून विचारलं असतं, की बाकी काय काय लपवलंस. इकडे आई गरम भाताची वाट बघत होती. मी त्या टेबलापाशी उभी राहून दोघांचा विचार केला, आणि तो विचार करावा लागला याचं दुःख मला आजही तेवढंच आहे.

"काही सांगायचं नाही," मी म्हटलं.

मुनीमजींवरच्या रागात मी गोंदियाची गाडी पकडली. मुनीमजींना काय काय बोलायचं ते मनात जुळवत होते. तुम्हाला कोणी सांगितलं होतं शहाणपण करायला? मला विचारलंत का? गुदमा स्टेशन येईपर्यंत मी त्यांना सगळं बोलून घेतलं होतं. दार त्यांनीच उघडलं. मला पाहून त्यांचा चेहरा असा उजळला की मिल बंद झाल्यापासून मी तो तसा पाहिलाच नव्हता.

"आया था तुम्हारा आदमी," ते म्हणाले. "ऐसा साफ़ बोला मैंने कि उसकी बोलती बंद. एक छींटा नहीं आने दिया तुम पर." मग आत वळून काकींना हाक मारली, "अरे सुनती हो, बिटिया आई है." आणि पुन्हा माझ्याकडे बघून विचारलं, "लग गई ना?"

काकी पाण्याचा तांब्या घेऊन उभ्या होत्या. दोघंही माझ्या तोंडाकडे बघत होते. सगळं गेलेल्या त्या माणसाला एवढी एक गोष्ट साधली आहे असं वाटत होतं.

"लागली," मी म्हटलं.

"तो मुँह मीठा कराओ."

मी बाजारात जाऊन पेढे आणले. न मिळालेल्या नोकरीचे पेढे मी विकत घेत असताना दुकानदारानं विचारलं, काय आनंदाची बातमी. मी म्हटलं, नोकरी लागली. मुनीमजींना साखर होती, तरी त्यांनी एक पेढा देवापुढे ठेवून मोडला आणि त्यातला मोठा तुकडा मला भरवला.

पुढे मला गोंदियातच एका कापडाच्या दुकानात काम मिळालं. तिथे आधीचं काही विचारलं नाही, कापड सरळ कापता येतं का एवढंच विचारलं. पुन्हा सकाळची गाडी, पुन्हा मावशीच्या हातचं आईचं जेवण. मुनीमजींच्या गल्लीवरून जाणारा रस्ता मी सोडला आणि लांबच्या रस्त्यानं स्टेशनला जायला लागले. त्यांनी मला गोंदियात पाहू नये म्हणून. आईला मी खरं सांगितलं होतं. ती मुनीमजींबद्दल एक शब्द वाकडा बोलली नाही. "रातच्यानं त संगच जेवतो ना आपण," एवढंच म्हणाली. आणि दुपारी अर्धंच जेवत राहिली.

ती गेली ती दुपारीच. मी गिऱ्हाइकाला ब्लाउजपीस दाखवत होते आणि दुकानाच्या फोनवर मावशीचा निरोप आला. गाडीला वेळ होता. बस मिळाली ती वाटेत थांबत थांबत गेली. मी पोचले तेव्हा लोकांनी आईला जमिनीवर घेतलं होतं. खाटेजवळ ताट तसंच होतं, त्यात अर्धा भात होता. मावशी मला धरून म्हणाली, "दोन घास खाल्ली न् तुयी वाट पाहून राहिली होती वो. दाराकडंच पाहून राहिली होती."

तेरवीच्या आधी मुनीमजी आले. कोणाकडून तरी कळलं होतं. एवढ्या वयात काठी टेकत, बसनं, एकटे. सतरंजीवर माझ्यासमोर बसले. माझ्या डोक्यावर हात ठेवला.

"दुख तो है, बेटा," ते म्हणाले. "पर एक बात की तसल्ली है मुझे. नौकरी गाँव में थी. आख़िरी टाइम में तुम माँ के पास थी. अपने हाथ से खिलाया ना उनको?"

मावशी चहाचा कप घेऊन आली होती. ती थांबली आणि तिनं तोंड उघडलं. मी तिच्याकडे पाहिलं. तिनं कप मुनीमजींपुढे ठेवला, पदर तोंडाला लावला आणि आत निघून गेली.

"हो, मुनीमजी," मी म्हटलं. "मीच भरवलं."